लेथवर पोकळ लाकडी भांडी : तोंड अरुंद, पोट मोठं, आतून कोरायचं कसं?

टूलरूम_सातपूर

नमस्कार मंडळी. लाकडाच्या लेथवर वाडगे, थाळ्या, लाटणी, पेनं काढणारे इथे बरेच जण आहेत हे जुन्या धाग्यांवरून दिसतं. पण तोंड दोन बोटांचं आणि पोट वीतभर असं भांडं आतून कसं कोरायचं, यावर मराठीत सलग लिहिलेलं काही हाती लागलं नाही. म्हणून हा धागा.

माझ्याबद्दल थोडं. आयटीआय टर्नर. सगळी नोकरी सातपूर एमआयडीसीत टूलरूममध्ये गेली. लोखंडाचं बोरिंग (भोक आतून कापून मोठं करणं) म्हणाल तर झोपेतही करीन. लाकूड निवृत्तीनंतर हातात घेतलं. मशीन १२ इंची स्विंगचं (१२ इंच व्यासापर्यंतचं काम फिरतं), १ एचपी थ्री फेज मोटर, घरच्या सिंगल फेजवर व्हीएफडी (सिंगल फेजचं थ्री फेज करून मोटरचा वेग बदलू देणारं उपकरण) लावून चालवतो. काम पकडायला चार जॉचा (जबड्यांचा) स्क्रोल चक आहे. उघडे वाडगे आता बरे निघतात.

मे महिन्यात वळवाच्या वादळात सोसायटीतला रेनट्री आडवा झाला. मनपाची माणसं येऊन तुकडे करून गेली आणि सोसायटीने विचारून मला काही ओंडके दिले. ८ इंच व्यासाचे, ओले. यातून कलशासारखं काहीतरी काढायचं आहे.

अडतंय ते इथे: चार इंचांच्या खाली गेलं की टूल थरथरतं, आणि टोक नक्की कुठे आहे ते कळत नाही. लोखंडात टूल पोस्टवर घट्ट बांधलेलं असतं, डायल बघायची आणि कापायचं. इथे सगळं हातावर. मी बेडवर (लेथच्या आडव्या पायावर) क्रॉस स्लाइड, म्हणजे हँडल फिरवून टूल सरकवायचा सरकता भाग, बसवून सरळ बोरिंग बार लावायच्या विचारात आहे. कुणी केलंय का?

पंचवटीकर

वाचतोय. वाचनखूण साठवली आहे. काका, ओंडक्यांचे फोटो टाका की.

कातीव

क्रॉस स्लाइडचा विचार सध्या बाजूला ठेवा. सरळ नळीसारखं भोक पाडायचं असेल तर तो उत्तम. पण कलशाचं पोट म्हणजे गळ्यापाशी आत, मध्ये बाहेर, तळाशी परत आत. दोन्ही हँडल एकदम फिरवून तो आकार आतून काढणं लाकडावर हातापेक्षा अवघड जातं. नंतर हवं तर बार धरून ठेवणारी चौकट करा, परदेशात बरेच जण वापरतात. आधी हात बसू द्या.

आता क्रमाने सांगते, म्हणजे मी जसं करते तसं.

ओंडका बेडला समांतर धरायचा, म्हणजे लाकडाची रेषा मशीनच्या अक्षाच्या दिशेने. दोन सेंटरमध्ये पकडून गोल करा, एका टोकाला चकसाठी खुंटी काढा. १५० मिलिमीटरच्या भांड्याला ५०-६० मिलिमीटर व्यासाची खुंटी पुरते. खुंटीचा खांदा जॉच्या तोंडावर सपाट टेकला पाहिजे आणि खुंटीचं टोक चकच्या तळाला लागता कामा नये. हे नीट नसेल तर पुढचं सगळं डुगडुगतं आणि माणूस टूलला दोष देत बसतो.

मग बाहेरचा आकार पूर्ण करा, पण तळाकडचं लाकूड आत्ताच बारीक करू नका. आत कोरताना सगळा भार तिथेच येतो.

मग टेलस्टॉकमधून (चकसमोरचा, बेडवर सरकणारा भाग) २५ ते ३० मिलिमीटरचं भोक. वेग ४००-५०० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) पुढे नको, दर इंचाला ड्रिल बाहेर काढून भुसा झटका. ड्रिलवर टेप लावून खोली नक्की करा: एकूण उंचीतून खुंटी आणि तळाची जाडी वजा. या भोकामुळे दोन गोष्टी होतात. तळ कुठे आहे हे कायमचं ठरतं, आणि मध्यभागी जिथे लाकडाचा वेग शून्य असतो तिथे टूल ढकलत बसावं लागत नाही.

कोरायचं मधून बाहेर. वाडग्यात आपण काठाकडून मध्याकडे येतो, इथे उलटं, कारण रेषा अक्षाच्या दिशेने आहे. भोकाच्या काठावरून भिंतीकडे ओढत आणलं की मागचे तंतू पुढच्यांना आधार देतात. उलट गेलात तर आतला पृष्ठभाग उपटल्यासारखा निघतो.

आणि एकदम तळापर्यंत जायचं नाही. वरचा इंच-दीड इंच अंतिम जाडीचा करा, मग पुढचा इंच, मग त्यापुढचा. खालचं जड लाकूड वरच्या पातळ भिंतीला धरून ठेवतं. एकदा खाली उतरलात की वरच्या भिंतीला परत हात लावू नका. तोवर ती हलायला लागलेली असते, टूल टेकलं की किंकाळी फुटते.

थरथरीचं बोलायचं तर टूल टेकलंय कुठे आणि कापतंय कुठे, या दोन जागांतलं अंतर हाच सगळा खेळ आहे.

टूलरूम_सातपूर

ताई, हे शेवटचं वाक्य आमच्याच भाषेतलं निघालं. ओव्हरहँग. बार एका टोकाला धरून दुसऱ्या टोकाला जोर दिला की त्याचं वाकणं लांबीच्या घनाने वाढतं. बाहेर आलेली लांबी दुप्पट झाली की वाकणं आठपट. उलट बारचा व्यास वाढवला की ताठपणा चौथ्या घाताने वाढतो. १२ मिलिमीटरच्या जागी १६ चा बार घेतला तर तो तिपटीहून जास्त ताठ. म्हणजे चार इंचांनंतर माझा १२ चा बार नाचतो यात नवल काही नाही.

दुसरी शंका. बोरिंगमध्ये आम्ही टोक सेंटरच्या केसभर वर ठेवतो. लाकडातही तेच का?

कातीव

तेच, आणि लाकडात ते जास्तच महत्त्वाचं. आत कापताना टोक मध्यरेषेच्या एक-दोन मिलिमीटर वर ठेवा. लाकडाने टूल खाली दाबलं तर टोक मध्यरेषेकडे जातं, तिथे पोकळी जास्त रुंद असते, टूल आपोआप सुटतं. टोक मध्याच्या खाली असेल तर दाबलं जाताना ते भिंतीत आणखी घुसतं. मग जो हिसका बसतो त्यात भांडं चकमधून उडतं किंवा बार वाकतो.

टूल रेस्ट (टूल टेकवायची आडवी पट्टी) लावताना मोकळ्या हवेत टोक टेलस्टॉकच्या सेंटरसमोर धरून बघा आणि रेस्टची उंची पेन्सिलीने मार्क करून ठेवा.

वाकड्या बारचं एक सांगायचं राहिलं. गळ्यामागच्या खांद्याखाली कापायला वाकडी मान लागतेच. पण तो वाकडा भाग रेस्टवर कधी टेकवायचा नाही. सरळ दांडा रेस्टवर आला की मगच टोक लाकडाला लावायचं. वाक रेस्टवर असेल तर टूल हातात पिळलं जातं आणि ते पिळणं मनगटाला थांबवता येत नाही. मान वाकवताना कापणारं टोक परत दांड्याच्या मधल्या रेषेत येईल अशी वाकवायची, मग पिळण्याचा जोर जवळजवळ उरत नाही.

पेठरोड

ताई, असे वाकडे टूल आणि बारक्या तोंडातून कोरणं हे आधी कुणी सुरू केलं? आपल्याकडे जुनं आहे का हे?

कातीव

या पद्धतीला आजचं रूप दिलं ते अमेरिकेच्या डेव्हिड एल्सवर्थ यांनी, १९७० च्या दशकात. हाताने वाकवलेल्या सळ्यांची टूलं, बोटभर तोंड, पातळ भिंत. १९८६ साली तिथल्या टर्नर लोकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली तेव्हा पहिले अध्यक्ष तेच होते.

आपल्याकडे पोकळ कातकाम जुनंच आहे, पण तोंड मोठं ठेवून. कुंकवाचा करंडा, हिंगाची डबी, अत्तराची कुपी. झाकण वेगळं केलं की आत पटाशी सरळ जाते. बारक्या तोंडातून आंधळेपणाने कोरायची गरज आपल्या कातारी लोकांना पडली नसावी.

पखवाजी

मोठ्या तोंडाची गोष्ट निघाली म्हणून. पखवाजाचं खोड आरपार पोकळ असतं आणि दोन्ही तोंडं उघडी, त्यामुळे दोन्हीकडून आत जाता येतं. तबल्याच्या दायाचं खोड तर तळापर्यंत पोकळच नसतं, खालचं लाकूड भरीव ठेवतात, बैठक आणि आवाज दोन्हीसाठी. शिसव, बिवळा, खैर अशी जड लाकडं. खोड करणाऱ्याला जाडीचा अंदाज टकटक करून येतो, बाहेरून बोट मारलं की सांगतो कुठे जाड राहिलंय. टूलरूमकाका, तुमचा "टोक कुठे आहे कळत नाही" हा प्रश्न कानाने बराच सुटेल.

टूलरूम_सातपूर

कानाचं पटलं. भिंत पातळ होत जाते तसा कापण्याचा आवाज बदलतो हे वाडग्यातही जाणवतं. पण माझ्यासारख्याला आकडा लागतो. कॅलिपर अरुंद तोंडातून जात नाही, त्याचं काय?

भुसाभुशीत

तार! ३ मिलिमीटरची कडक तार घ्या. केसाच्या पिनेसारखी वळवा, एक पाय आत जाईल, दुसरा बाहेर राहील. मशीन बंद असताना आतल्या पायाचं टोक बाहेरच्या बाजूला जरा वाकवा. आता दोन टोकांतलं अंतर समजा १० मिलिमीटर ठेवलं. आतलं टोक भिंतीला टेकवलं की बाहेरचं टोक आणि भांड्याची बाहेरची बाजू यात जी फट दिसते ती १० मधून वजा, उरली ती जाडी. फट दोन सूत, म्हणजे सव्वासहा मिलिमीटरच्या आसपास, दिसली तर भिंत साडेतीन-पावणेचार मिलिमीटर राहिली. वरपासून खालपर्यंत तार सरकवत न्या, फट कुठे कमी-जास्त होते ते लगेच दिसतं. खर्च शून्य.

काही जण बारच्या वर लेझर पॉइंटर बांधतात, त्याचा ठिपका बाहेरून पडतो आणि टोक नक्की कुठे आहे ते दाखवतो. करा, पण आधी तार.

कातीव

तार +१. आणि सुरुवातीची एक-दोन भांडी पूर्ण झाली की करवतीने उभी चिरा. हळहळू नका. कुठे खांद्याखाली लाकूड राहिलं, कुठे तळाशी बोचका झाला, भिंत कशी जाड-पातळ झाली, सगळं अर्ध्या भांड्यात उघडं पडतं. शंभर व्हिडिओ बघून कळत नाही ते एका चिरलेल्या भांड्यात कळतं. साधारण सगळ्यांच्या भांड्यात खांद्याखालीच जाड राहतं, कारण तिथे टूल नेताना मनगटाला अवघड जातं.

शिंकणारा_गणू

कुणी सुरक्षिततेचं बोलत नाहीये म्हणून मीच बोलतो.

चष्मा पुरत नाही, पूर्ण चेहऱ्याची ढाल हवी. हातमोजे लेथवर अजिबात नकोत. सैल बाह्या, ओढणी, गळ्यातली साखळी, मोकळे केस नकोत. चालू भांड्यात बोट घालून बघायचं नाही, कितीही मोह झाला तरी. पॉलिशपेपरही आत हाताने धरायचा नाही, दांडीला गुंडाळून न्यायचा. सुरू करण्याआधी हाताने एक फेरी फिरवून काही अडत नाही ना ते बघा, आणि सुरू करताना भांड्याच्या रेषेतून बाजूला उभे राहा.

वेगाचा एक ठोकताळा: व्यास इंचात गुणिले आरपीएम, उत्तर ६,००० ते ९,००० च्या मध्ये. ६ इंची भांड्याला १,००० ते १,५००. ओबडधोबड ओंडका असेल तेव्हा त्याच्या निम्म्यावर सुरू करा.

पोकळ कामातली खास गोष्ट म्हणजे आत साचणारा भुसा. तोंड लहान असल्याने तो बाहेर पडत नाही. ओल्या लाकडाचा तर लगदा होऊन भिंतीला चिकटतो, टूल त्यात रुततं आणि हिसका बसतो. सारखं मशीन थांबवायचं, हवा मारायची, परत सुरू. कंटाळवाणं आहे, पण तेच काम आहे.

आणि मास्क. माझं आयडीचं नाव उगाच नाही. शिरसाचा भुसा नाकात गेला की मी दिवसभर शिंकतो. शिसव आणि सागाचा भुसाही अनेकांच्या त्वचेला आणि नाकाला सोसत नाही. एन-९५ तरी लावा.

टूलरूम_सातपूर

गणूशेठ, व्हीएफडीवर इमर्जन्सी स्टॉप लाल बटण टेलस्टॉकच्या बाजूला लावलं आहे, कोरताना डाव्या गुडघ्याने दाबता येईल असं.

टूलचं आता मी सांगतो, कारण या भागात मला कुणी गुरू नको. बाजारात पोकळ कोरायचे तयार टूल मिळतात, आयात केलेले, किंमत बघून घाम फुटतो. मी असा केला: १६ मिलिमीटर व्यासाचा ईएन-८ चा (मध्यम कार्बनच्या पोलादाचा) गोल बार, दोन फूट. टोकाला ३/१६ इंच चौकोनी एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूल बिट बसेल असं आडवं भोक, वरून एम-५ चा ग्रब स्क्रू. बिट मिरांडा कंपनीचा, कुठल्याही टूलच्या दुकानात मिळतो. टोक अर्धगोल घासलं, खालून ४५ अंशांच्या आसपास क्लिअरन्स, कारण आतल्या गोलाईत टाच भिंतीला घासता कामा नये. एवढ्या लहान टोकामुळे एका वेळी थोडंच लाकूड कापलं जातं, म्हणून हिसकाही लहान.

दुसऱ्या बारची मान गरम करून वाकवली, टोक दांड्याच्या रेषेत परत आणलं, ताईंनी सांगितल्याप्रमाणे. वाकवताना लालबुंद करून सावकाश गार होऊ दिलं. पाण्यात बुडवलं असतं तर ईएन-८ कडक होऊन ठिसूळ झाला असता.

मूठ सागाची, बारच्या आत जाणाऱ्या लांबीच्या तिप्पट. तोच तरफेचा हिशेब.

सागाबद्दल एक. त्यात सिलिका असते, त्यामुळे धार फार लवकर जाते. जुन्या वाड्याची तुळई कापताना तर एचएसएस वाटाण्यासारखं बोथट होतं. रेनट्रीत मात्र तेच टोक बराच वेळ टिकलं.

वखारवाला

वाड्याच्या सागाचा विषय आलाच आहे तर. जुन्या नाशकात वाडे पाडले जातात, तुळया-खांब निघतात आणि लोक ते वखारीत आणतात. लाकूड सोन्यासारखं, पूर्ण वाळलेलं. पण कातायच्या आधी चुंबक किंवा मेटल डिटेक्टर फिरवाच. डोकं तुटलेले हातघडीचे खिळे आत असतात आणि बाहेरून दिसतही नाहीत. शिवाय भिंतीत गाडलेल्या टोकाला चुना-वाळू भिनलेली असते. ते टोक वीतभर कापून टाका, वाचवायचा मोह नको.

ताजा साग कुणी दिला तर वाहतूक पासाबद्दल विचारा. आणि शहरातलं झाड स्वतःच्या अंगणातलं असलं तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही, १९७५ चा नागरी वृक्ष संरक्षणाचा कायदा आहे. वादळात पडलं असेल तरी मनपाच्या उद्यान विभागाला कळवूनच करवत लावा. काकांच्या सोसायटीने ते नीट केलं, छान.

पोकळ कामासाठी माझ्या मते हळदू मिळाला तर डोळे झाकून घ्या. पिवळसर, बारीक पोताचा, रेषा शांत, आतून बाहेरून एकसारखा कापला जातो. हल्ली क्वचित येतो. आंबा स्वस्त आणि मुबलक, पण ओला ओंडका पावसाळ्यात पडून राहिला की निळ्या-करड्या बुरशीच्या रेघा येतात. काहींना त्या रेघा आवडतात, मुद्दाम येऊ देतात. आंब्याला किडाही लवकर लागतो, बोरॅक्स-बोरिकच्या पाण्यात बुडवून घ्यावा.

निफाडकर

आमच्याकडे द्राक्षबागा काढल्या की जुन्या वेलीचे बुंधे बांधावर पडून असतात. चुलीत जातात. यातून काही होईल का? फुकट घेऊन जा.

कातीव

बुंधा पिळलेला असतो आणि सालीचे पापुद्रे आतपर्यंत शिरलेले असतात. वाळताना फाटतो. मोठं भांडं निघणार नाही. मूठभर डब्या किंवा कुपीची झाकणं होतील आणि दिसतात फार सुंदर. पण तुम्ही एका गोणीत भरून ठेवा, मी नेईन.

टूलरूम_सातपूर

ओल्या लाकडाचं काय करायचं? रेनट्रीचे ओंडके अजून जड आहेत. कुणी म्हणतं वर्षभर ठेवा, कुणी म्हणतं लगेच काता.

कातीव

दोन्ही बरोबर. अख्खा ओंडका वाळवायचा तर जाडीच्या दर इंचाला साधारण वर्ष धरतात. ८ इंची ओंडक्याला आपलं आयुष्य थांबत नाही. म्हणून दोन टप्प्यांत करतात.

ओला असतानाच बाहेरून-आतून ओबडधोबड कोरून घ्यायचा, भिंत व्यासाच्या एक दशांश ठेवायची. ६ इंची भांड्याला १५ मिलिमीटर. मग वाळत ठेवायचं. वाळताना लाकूड लांबीत जवळजवळ आखडत नाही. पण गोल वलयांच्या दिशेने जेवढं आखडतं ते मध्यापासून बाहेरच्या दिशेने आखडण्याच्या जवळपास दुप्पट असतं. म्हणून गोल भांडं अंडाकृती होतं. भिंत जाड ठेवलेली असते ती याचसाठी, पूर्ण वाळल्यावर परत गोल करायला.

ओंडक्याचा मधला बिंदू भांड्याच्या तळात येऊ देऊ नका, तडा तिथूनच सुरू होतो. जमलं तर ओंडका मध्यातून चिरून अर्ध्यातून भांडं काढा. नसेल जमत तर मधल्या बिंदूवर तळ पातळ करा आणि सुपरग्लू जिरवा. टोकाच्या छेदांना कापल्या दिवशीच वितळलेलं मेण किंवा जुना ऑइलपेंट फासा.

नाशिकची हवा लक्षात घ्या. पावसाळ्यात काही वाळत नाही, उलट बुरशी येते. आणि मार्च-एप्रिलची कोरडी हवा इतकी झटपट पाणी ओढते की सालीलगतचा भाग चरचर फाटतो. मी ओबडधोबड भांडी त्यांच्याच भुशात घालून गोणीत ठेवते, गोणी खोलीच्या आतल्या कोपऱ्यात. आठवड्याला वजन करून पेन्सिलीने भांड्यावरच लिहायचं. वजन उतरायचं थांबलं की वाळलं.

रेनट्री तुमच्या नशिबाने चांगलं लाकूड आहे, फार आखडत नाही. ओलंच एकदम पातळ, चार-पाच मिलिमीटर करून टाकलं तरी बहुधा फाटत नाही, थोडं वेडंवाकडं होतं इतकंच. मला ते वेडंवाकडेपण आवडतं.

पेठरोड

एक बावळट प्रश्न. मोठ्या तोंडाने कोरून मग वरून वेगळा गळा चिकटवला तर? फसवणूक होते का?

भुसाभुशीत

फसवणूक कसली. अडीच-तीन इंचांचं तोंड ठेवा, आरामात कोरा, आत पॉलिशपेपर जाईल. मग शिसवीचा किंवा बाभळीचा वेगळा गळा कातून खाचेत बसवा. वेगळ्या रंगाचा असला की मुद्दाम केल्यासारखा दिसतो. सांध्यावर एक बारीक खोबण मारली की सांधाही दिसत नाही. नवख्याने इथूनच सुरुवात करावी. एका तुकड्यातल्या भांड्याचा अभिमान ज्यांना आहे त्यांनी तो बाळगावा.

कातीव

एका तुकड्याचा अभिमान बाळगणाऱ्यांपैकी मी एक :) पण भुसाभुशीत यांचं म्हणणं बरोबर आहे. फक्त गळा आणि भांडं दोन्ही पूर्ण वाळलेली हवीत, आणि दोन्हीची रेषा एकाच दिशेला. नाहीतर पहिल्या पावसाळ्यात सांधा उघडतो.

करंड्याच्या झाकणालाही हाच नियम. झाकण त्याच तुकड्याचं काढा आणि वलयं जुळतील तसं बसवून आत खूण करून ठेवा. जूनमध्ये घट्ट बसवलेलं झाकण मार्चमध्ये खुळखुळतं आणि मार्चमध्ये घट्ट बसवलेलं ऑगस्टमध्ये उघडतच नाही. दोघांची वलयं एका दिशेला असली तर दोघं सारखीच अंडाकृती होतात आणि झाकण एका जागी तरी नीट बसतं. बाजारातल्या करंड्याचं झाकण फिरवून बघा, एका कोनात सैल आणि चतुर्थांश फिरवलं की अडकतं. कारण हेच.

सिन्नरची_सून

माझ्या सासऱ्यांकडे बिवळ्याचा पेला आहे, रात्री पाणी भरून सकाळी पितात, पाणी तपकिरी होतं. मधुमेहावर चांगलं म्हणतात. असा पेला लेथवर घरी करता येईल का?

कातीव

करता येईल, पेला म्हणजे तोंड मोठं, अवघड नाही. आतलं पक्कं लाकूडच घ्या, पांढरं सालीलगतचं नको. आत तेल, मेण, लाख काही लावायचं नाही, नाहीतर पाण्यात उतरणार काय? औषधाबद्दल मी काही बोलणार नाही. ते डॉक्टरांशी बोला आणि चालू गोळ्या पेल्याच्या भरवशावर बंद करू नका एवढंच.

पंचवटीकर

बाहेरून चकाकी कशी आणायची? चन्नपट्टणच्या खेळण्यांसारखी?

वखारवाला

चन्नपट्टणला लाखेची रंगीत कांडी फिरत्या लाकडावर दाबतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर पसरते, मग केवड्याच्या पानाने घासून चकाकी आणतात. तिथलं लाकूड पांढरं, बारीक पोताचं, आपल्याकडे ज्याला काळा कुडा म्हणतात ते. लाख बाहेरच बसते, अरुंद तोंडाच्या आत ती जाणार नाही. आणि लाखेच्या भांड्यात गरम काही ओतायचं नाही, मऊ पडते.

साधं हवं असेल तर चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाने हात द्या, किंवा जवसाचं उकळलेलं तेल. पण तेलाच्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापतात आणि पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका.

टूलरूम_सातपूर

मंडळी, प्रगती. १६ च्या बारने सहा इंच खोलीपर्यंत थरथर नाही. पहिलं भांडं चिरलं, फोटो वर टाकला आहे. ताई म्हणाल्या तसंच, खांद्याखाली जाड. तळ मात्र ड्रिलच्या खुणेवर बरोबर आला, भिंत वरच्या अर्ध्यात ५ मिलिमीटर एकसारखी.

भिंत मोजायला तार वापरली. व्हर्नियरने ताडून बघितलं, अर्ध्या मिलिमीटरचा फरक. टूलरूममध्ये कुणी बघितलं असतं तर हसलं असतं, पण चालतंय.

दुसरं भांडं कोरून झालं आहे, आता उलटं धरून खुंटी कापून टाकायची आहे. एवढ्या अरुंद तोंडाला चक आतून पकडणार नाही. काय करतात?

कातीव

खांद्याखालच्या जाडीसाठी वाकडा बार वापरताना मूठ शरीरापासून दूर न्या. तेव्हाच टोक खांद्यामागे वळतं. आपला हात सवयीने सरळ राहतो.

खुंटी काढायला चकमध्ये एक लाकडी दांडा पकडा, तोंडातून सहज जाईल एवढा, भांड्याच्या खोलीपेक्षा बोटभर लांब. टोकाला जुन्या सुती कापडाचे दोन-तीन पदर किंवा चामड्याचा तुकडा. भांडं त्यावर उलटं चढवा, दांड्याचं टोक आतून तळाला टेकेल. बाहेरून टेलस्टॉकचा रिव्हॉल्व्हिंग सेंटर (कामाबरोबर फिरणारं टोक) खुंटीच्या मधल्या जुन्या खुणेवर. बेताने दाबा, तळ पातळ असेल तर फुटेल. गळ्यापाशी दांड्याला मास्किंग टेप गुंडाळून गळाही मध्यात आणा.

मग हलक्या हाताने खुंटी खाली आणत जा. तळ मध्ये किंचित खोलगट ठेवा, नाहीतर भांडं टेबलावर डुलतं. करंगळीएवढा कोंब उरला की थांबा, मशीन बंद करा आणि तो पटाशीने कापून टाका.

टूलरूम_सातपूर

समजलं. माझा रिव्हॉल्व्हिंग सेंटर साठ अंशांचा टोकदार आहे, तळाला तो रुतेल का? की सपाट पॅड लावू?

कातीव

खुंटी असेपर्यंत टोकदारच बरा, मध्य सापडतो. रुतला तरी तो भाग शेवटी कोंबाबरोबर जाणारच आहे. तुमच्या टेलस्टॉकला मोर्स टेपर (निमुळत्या भोकाचं ठरलेलं माप) क्रमांक २ असेल तर ड्रिल चकही त्याच टेपरचा घ्या, सारखं अॅडॉप्टर बदलावं लागणार नाही.